कठड्यापासून की जमिनीपासून

कुंभकोणमच्या आसपासच्या विहिरींत पाणी किती खोल आहे, हे गेलं वर्षभर दोन माणसांना पक्कं ठाऊक असायला हवं होतं. त्यांतला एक मी आणि दुसरे विजयराघव राव. ठाऊक दोघांनाही नव्हतं, आणि तरीही आम्हा दोघांचे आकडे तंतोतंत जुळत होते. हे जुळवायला फारशी अक्कल लागली नाही. चांगले संस्कार असले की पुरे.

मी सेतुराम राव. इथल्या विद्यापीठात जलशास्त्र शिकवतो. एकदा बोलायला लागलो की थांबत नाही म्हणून विद्यार्थी मला पाठीमागे ‘मोटर’ म्हणतात. विजयराघव राव पाणी खात्यात कार्यकारी अभियंता. ते बोलतच नाहीत. खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसानं तोंड मिटून ठेवायला शिकावं, यात नवल काही नाही. आम्ही दोघंही तंजावरकडचे मराठी. आमचे पूर्वज राजांबरोबर इकडे आले, राजे गेले आणि आम्ही राहिलो. आता घरं इतकी थोडी उरली आहेत की मुलीसाठी स्थळ पाहायला निघालं तर चौथ्या घरी आपलाच मामा भेटतो.

विद्यापीठ आणि खातं यांचं आजवर कधी पटलं नव्हतं. आम्ही म्हणायचो, खात्याला मोजता येत नाही. ते म्हणायचे, विद्यापीठवाल्यांना विहीर पुस्तकात पाहायची सवय. शेवटी वरून हुकूम आला की दोघांनी मिळून काम करा. त्याच त्या विहिरी, पण आमची माणसं वेगळी मोजणार, त्यांची वेगळी, आणि महिन्याच्या शेवटी आकडे एकमेकांना पाठवून ताडून पाहायचे. जूनमध्ये कावेरीवरचं मेट्टूरचं धरण उघडतं. त्याआधी कालव्यांचा गाळ काढतात, पण सगळेच कालवे एका वर्षात होत नाहीत. म्हणून ठरलं असं, की ज्या भागातल्या विहिरी सगळ्यांत खाली गेल्या असतील, तिथला कालवा आधी घ्यायचा.

दारासुरम्‌च्या नागलक्ष्मीनं आम्हाला आपल्या परसातली विहीर मोजू दिली ती याच आशेवर. तिचं रेशीम रंगवायचं काम. विणकरांच्या त्या गल्लीतलं निम्मं सूत तिच्या कढयांतून रंगून जातं, आणि रंगवलेलं सूत धुवायला पाणी किती लागतं ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. तिच्या घरामागचा कालवा प्लास्टिक आणि जलपर्णीनं बुजला होता. कालवा वाहिला की विहीर भरते, नाही वाहिला तर ती बसते, आणि विहीर बसली की कढया पालथ्या घालायच्या. तिनं हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी तिला भूजल म्हणजे काय यावर छोटंसं व्याख्यान दिलं. ती बिचारी उभ्यानं ऐकत राहिली.

आता घोटाळ्याकडे येतो. प्रकल्पाच्या करारावर सह्या झाल्या त्याच सुमारास माझ्या हरिणीची पत्रिका विजयराघव रावांच्या सूर्याशी जुळली. म्हणजे ते माझे संबंधी होणार. महाराष्ट्रात व्याही म्हणतात, आम्ही इकडच्यांसारखं संबंधी म्हणतो. शब्द कुठलाही वापरा, मुलीच्या बापाची मान सगळीकडे सारखीच वाकते. निदान माझी वाकली. हरिणी चेन्नईत नोकरी करते, स्वतःचं घर चालवते, तिला माझ्या वाकण्याची काडीची गरज नव्हती. पण मला वाकायची हौस.

पहिल्या महिन्याचे आकडे आले. नागलक्ष्मीच्या विहिरीत आमच्या हिशेबानं पाणी एकवीस फुटांवर, खात्याच्या हिशेबानं चोविसावर. बाकीच्या विहिरींतही थोडाफार असाच फरक. दुसरा कोणी अभियंता असता तर मी लगेच फोन केला असता आणि कदाचित आवाजही चढवला असता. पण संबंध्यांना कसं विचारायचं, की तुम्ही कुठून मोजता? म्हणजे तुम्हाला मोजता येत नाही असंच झालं. निश्चितार्थ, म्हणजे साखरपुडा, दोन महिन्यांवर आलेला. मी आमच्या आकड्यांत तीन फूट वाढवले आणि चोवीस केले. टेप ढिली असावी, असं स्वतःला समजावलं.

त्याच संध्याकाळी, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, विजयराघव राव आपल्या कचेरीत बसून खात्याचे आकडे तीन फुटांनी कमी करत होते. प्राध्यापक माणूस, शिवाय सुनेचा बाप, त्याला खोटं कसं पाडायचं, असं त्यांच्या मनात आलं. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात आम्ही चोवीस आणि ते एकवीस. मी कपाळाला हात लावला. मला वाटलं, ते माझी परीक्षा पाहत आहेत. त्यांना वाटलं, मी त्यांना चिमटा काढतो आहे. मग दोघांनाही स्वतंत्रपणे एकच शहाणपण सुचलं, ते म्हणजे मध्य गाठायचा. तिसऱ्या महिन्यात दोन्हीकडून साडेबावीस आले.

मला इतका आनंद झाला की मी पेढे वाटले. खरंच वाटले. त्याच आठवड्यात निश्चितार्थ झाला. ताटं मांडलेली असताना विजयराघव रावांनी माझा हात धरून म्हटलं की आकडे जुळले. मी म्हटलं, पत्रिकाही जुळल्या. आम्ही दोघं हसलो आणि त्या दिवसापासून त्या आकड्याला हात लावायची दोघांची छाती झाली नाही. पाऊस झाला तरी साडेबावीस, पाऊस संपला तरी साडेबावीस. लोकांना संशय येऊ नये म्हणून अधूनमधून पाव फूट इकडे, पाव फूट तिकडे, तेही दोघांनी एकाच दिशेनं. कसं जमायचं देव जाणे. मन जुळलेलं म्हणतात ते हेच असावं.

लावण्या नावाची माझी संशोधन करणारी विद्यार्थिनी आहे. ती विहिरींवर जाऊन मोजायची. पोंगलनंतर ती सांगायला लागली की दारासुरम्‌चं पाणी झपाट्यानं उतरतं आहे. मी तिला म्हटलं, टेप सैल धरतेस. तिनं नवी टेप आणली. मी म्हटलं, नव्या टेपा ताणल्या जातात. त्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. प्राध्यापकाला विद्यार्थ्यांसमोर मान ताठ ठेवता येते, ती सवयीनं. खाली काय चाललं आहे याच्याशी तिचा संबंध नसतो.

असंच जूनपर्यंत निभलंही असतं. पण प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या चेन्नईच्या समितीला पुस्तिकेसाठी एक छायाचित्र हवं होतं. विद्यापीठ आणि खातं एकाच विहिरीवर, एकच टेप धरून उभे. वर्षभराच्या संयुक्त प्रकल्पात आम्ही दोघं एकदाही एका विहिरीवर एकत्र गेलो नव्हतो, हे लिहितानासुद्धा मला कानाला हात लावावासा वाटतो.

चैत्रातली सकाळ होती. हरिणी चेन्नईहून सुट्टीला आली होती, छायाचित्र काढायला तीच आली. विजयराघव राव पांढऱ्याशुभ्र शर्टात. मी डोक्यावर टोपी घालून, कारण क्षेत्रकार्य करणारा माणूस टोपीत शोभतो असा माझा समज. नागलक्ष्मी हात पुसत कढईजवळून उठून आली. विहिरीचा कठडा चांगला कमरेएवढा, रंगाच्या डागांनी भरलेला.

मी टेप त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती माझ्यापुढे केली. हरिणी कंटाळून म्हणाली, कोणीतरी धरा. तेव्हा विजयराघव रावांनी टेपचं एक टोक विहिरीत सोडलं आणि टेप कठड्याच्या वरच्या कडेला लावली. मला वाटलं, हात टेकवायला लावली असेल. म्हणून मदत करावी या हेतूनं मी ती कडेवरून उचलली आणि वाकून जमिनीच्या पातळीला धरली. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मी त्यांच्याकडे.

“तुम्ही कोठून मोजतां?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“भुईपासून.”

“अम्ही कठड्यापासून.”

बस, एवढंच. तीन फुटांचा कठडा. वर्षभर आम्हा दोघांच्या मध्ये तो उभा होता आणि एकानंही दुसऱ्याला हा तीन शब्दांचा प्रश्न विचारला नव्हता. मला हसू यायला लागलं. तेवढ्यात टेप खाली जायला लागली. बाविसाला पाणी लागलं नाही. तिसाला लागलं नाही. पुढे कुठेतरी टोक टेकलं ते भिजल्यासारखा आवाज करून, चिखलात टेकतं तसं. माझं हसू गेलं.

नागलक्ष्मी म्हणाली की मासी महिन्यापासून, म्हणजे माघ-फाल्गुनापासून, सकाळी चार घागरी निघतात, मग दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. दोनच कढया चालू आहेत. हे तिनं विद्यापीठाच्या माणसांना सांगितलं होतं आणि खात्याच्या माणसांनाही. दोन्हीकडच्या लोकांनी तिला एकच उत्तर दिलं होतं, की वर कळवतो. वर म्हणजे आम्ही दोघं. आम्ही वर होतो आणि साडेबावीस लिहीत होतो.

हरिणीनं कॅमेरा खाली केला. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही. ती बँकेत जोखीम मोजते, आकडे कुठे शिजवले जातात ते तिला वासानं कळतं. ‘समितीच्या बैठकीत पाहू’ असं काहीसं विजयराघव राव पुटपुटले आणि जीपमध्ये बसून गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, संपलं. लग्न मोडलं.

घरी आल्यावर जयश्रीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. बैठक आठवड्यावर आली आहे, लग्न आवणी महिन्यात, म्हणजे श्रावण-भाद्रपदात. लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. “विहीर कोठे पळती? स्थळ पळतं,” ती म्हणाली. तिचं म्हणणं मला इतकं पटलं की मी लगेच मान हलवली. मान हलवण्यात मला कोणी हरवू शकत नाही.

हरिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“अप्पा, ते पाणी तुम्ही मजसाठी लपवलांत,” ती म्हणाली. “बरं. मी त्या घरीं जन्मभर राहायची. तेथे कोण्ही कोण्हास खरं सांगत नसला तर मज आतांच सांगा. मी नाही जात.”

जयश्री काही बोलायला गेली, पण हरिणी आत निघून गेली. मी बाहेर झोपाळ्यावर बसून राहिलो. मोबाइलवर विजयराघव रावांना एक संदेश लिहिला, मग पुसला. पुन्हा लिहिला, त्यात ‘आपला कृपाभिलाषी’ असं आलं म्हणून पुन्हा पुसला. स्वतःची इतकी किळस मला फार वर्षांत आली नव्हती.

बैठक खात्याच्या विश्रामगृहात झाली. समितीच्या अध्यक्ष म्हणून चेन्नईहून एक बाई आल्या होत्या, हुशार आणि घाईत. त्यांनी पहिल्यांदा आमचंच कौतुक केलं. राज्यभर असे संयुक्त प्रकल्प चालले आहेत, म्हणाल्या, पण कुठेही दोन संस्थांचे आकडे इतके जुळत नाहीत. हे कसं साधलं ते या दोन रावांनी सगळ्यांना सांगावं. आणि दारासुरम्‌ची पातळी स्थिर आहे हे पाहून आनंद वाटला, त्यामुळे त्या कालव्याची यंदा घाई नाही.

मी विजयराघव रावांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, आधी तुम्ही. मीही खूण केली, छे, आधी तुम्ही. दोन प्रतिष्ठित माणसं भर बैठकीत एकमेकांना वाट करून देत होती. मग मला हरिणी दिसली. म्हणजे ती तिथे नव्हती, चेन्नईला परत गेली होती, पण दारात उभी होती तशीच दिसली. मी उठलो.

मी सांगितलं. कठडा सांगितला, तीन फूट सांगितले, मध्य सांगितला. आकडे मी बदलले, चूक माझी, असं म्हटलं. तेवढ्यात विजयराघव राव उठले आणि म्हणाले, नाही, चूक माझी, खात्याचे आकडे मी बदलले. मी म्हटलं, आधी मी बदलले. ते म्हणाले, छे छे, जबाबदारी खात्याची. अपराध कोणाचा मोठा यावर आम्ही पुन्हा एकमेकांना मान द्यायला लागलो. शेवटी बाईंनी टेबलावर पेन आपटलं तेव्हा दोघं बसलो.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की दारासुरम्‌चं काम होईल. असा भोळेपणा प्राध्यापकालाच परवडतो. बाईंनी शांतपणे नियम वाचून दाखवला. वर्षभराची विश्वासार्ह नोंद असेल त्याच भागाचा कालवा यादीत येतो. आमची नोंद आता विश्वासार्ह राहिलेली नव्हती, ती रद्द झाली. म्हणून दारासुरम् यंदा नाही. पुढच्या वर्षी नव्या लोकांनी नव्यानं मोजल्यावर पाहता येईल. प्रकल्पातून आम्हा दोघांना वगळण्यात आलं, ते योग्यच झालं. लावण्यानं लिहून ठेवलेले खरे आकडे पुढे करायला मी उठलो, तर आठवलं की मीच ते तिच्याकडून खोडून घेतले होते.

बाहेर आलो. खात्याची जीप विजयराघव रावांना न घेताच निघून गेली होती. ते आंब्याच्या झाडाखाली उभे होते. मी जवळ गेलो आणि म्हटलं की माझंच चुकलं, मी पहिल्याच महिन्यात विचारायला हवं होतं. मला खात्री होती की ते म्हणतील, छे छे, तसं काही नाही.

“होय,” ते म्हणाले. “तुमचंच चुकलं. माझंही चुकलं, पण तुमचं आधी. आणि भुईपासून कोण मोजतो हो? भुई खचती, कठडा खचत नाही.”

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. वर्षभरात हा माणूस पहिल्यांदा मला चुकलास म्हणाला होता. मी म्हटलं, कठडा उद्या कोणी तीन विटांनी वाढवला तर? ते म्हणाले, वाढवील कोण? मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही दारासुरम्‌च्या रस्त्याला लागलो. मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या मागे बसून, त्याच्या कानाशी ओरडून भांडत चालला होता. बसथांब्यावरचे लोक वळून पाहत होते. मध्येच मी भीत भीत विचारलं, लग्नाचं काय?

“लग्न पोरांचं आहे. अपलं नाही,” ते म्हणाले, आणि पुन्हा कठड्यावर आले.

नागलक्ष्मीला निकाल आम्हीच सांगायचा हे न बोलताच ठरलं होतं. ती परसात होती. एकाच कढईखाली जाळ होता. विहिरीवर दोरी कोरडी पडली होती. आम्ही दारात उभे राहिलो आणि माझी जुनी खोड उसळली, मी विजयराघव रावांकडे पाहिलं. या वेळी त्यांनी खूण केली नाही. ते खाली पाहत राहिले. मग मी सांगितलं. तमिळमध्ये, जितकं सरळ सांगता येईल तितकं. आम्ही आकडे खोटे लिहिले, एकमेकांचं मन राखायला लिहिले, आणि म्हणून तुझा कालवा यंदा होणार नाही.

तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ती बोलेल. ती ओरडली असती, आम्हाला विहिरीपासून हाकललं असतं, तर मी मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं. मला तर ते हवं होतं. स्कूटरवरच्या भांडणानं मला जसं हलकं वाटलं होतं, तसं पुन्हा वाटायला हवं होतं.

“परवायिल्लै, सार,” ती म्हणाली. असू द्या, हरकत नाही.

मग तिनं पदराला हात पुसले, ओसरीवर चटई घातली आणि विचारलं की मुलीचं लग्न कधी आहे. मी सांगितलं, आवणीत. फार चांगलं, म्हणाली. आत जाऊन तिनं दोन पेले कॉफी आणली, आमच्यासमोर ठेवली आणि हसली, अगदी वर्षभर आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसत होतो तसंच. विजयराघव रावांनी पेला उचलला नाही. मीही उचलला नाही. मग ती म्हणाली, घ्या ना, निवते आहे, आणि आम्हाला ती प्यावी लागली.